मोर्सेन्सची भट्टी : ॲस्बेस्टॉसचा कचरा वितळवून केलेला काळा दगड

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बोर्दोच्या दक्षिणेस, लांद नावाचा पाइनच्या जंगलांचा सपाट प्रदेश आहे. तिथल्या मोर्सेन्स गावाजवळ इनर्टाम या कंपनीचा कारखाना आहे. आत येतो तो पिशव्यांमध्ये बंद केलेला ॲस्बेस्टॉसचा कचरा : बॉयलरभोवतीचं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण), छताखाली फवारलेलं अग्निरोधक लिंपण, पाइपांवरची दोरी, फुटलेले सिमेंटचे पत्रे. बाहेर पडतो तो काळा, जड, बेसॉल्टसारखा दगड. त्याचं व्यापारी नाव कोफालिट. या दगडात ॲस्बेस्टॉसचा एकही तंतू उरलेला नसतो. तंतू दगडात कोंडून ठेवलेला नसतो. ज्या खनिजाचा तो तंतू होता ते खनिजच नष्ट झालेलं असतं, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे.

हे प्रकरण तपशिलात पाहण्याचं कारण असं : ॲस्बेस्टॉस वितळवण्याची विद्या माणसाला साध्य झाली आहे आणि मोर्सेन्सला ती औद्योगिक प्रमाणावर वापरली गेली. तरीही जगातला बहुतेक ॲस्बेस्टॉस कचरा आजही जमिनीत पुरला जातो. अडचण रसायनात नाही. ती भट्टीच्या विटांमध्ये, कचऱ्याच्या भेसळीत आणि पुरण्याच्या स्वस्त दरात आहे.

कचरा कुठून आला

फ्रान्सने २४ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. ती १ जानेवारी १९९७ पासून लागू झाली. बंदी आली म्हणून इमारतीतला माल नाहीसा होत नाही. उलट तो काढायला सुरुवात होते आणि कचऱ्याचा ओघ वाढतो. फ्रान्समध्ये या कचऱ्याचे दोन गट पडतात. पहिला सुटा किंवा ठिसूळ : फवारलेलं लिंपण, लॅगिंग, दोरी. बोटाने दाबलं तरी तो भुगा होतो आणि तंतू हवेत उडतात. दुसरा बांधलेला : सिमेंटचे पत्रे आणि पाइप, ज्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट असतात. सुट्या कचऱ्यासाठी दोनच वाटा ठरल्या, धोकादायक कचऱ्याचं लँडफिल किंवा वितळवणं.

युरोप्लाझ्मा ही कंपनी १९९२ मध्ये स्थापन झाली. अंतराळ उद्योगासाठी विकसित झालेले प्लाझ्मा टॉर्च (विजेच्या कमानीने हवा तापवणारी यंत्रं) कचऱ्यासाठी वापरायचे, हा तिचा उद्देश. मोर्सेन्सचा कारखाना याच घराण्यातला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे ८,००० टनांपर्यंत. एका देशाच्या कचऱ्यापुढे हा आकडा लहान आहे, पण एकाच भट्टीसाठी मोठा आहे.

तंतू मरतो म्हणजे काय होतं

जगात वापरल्या गेलेल्या ॲस्बेस्टॉसपैकी बहुतांश क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस. रासायनिकदृष्ट्या तो मॅग्नेशियमचा सजल सिलिकेट आहे. वजनाने त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड सुमारे ४३ टक्के, सिलिका ४४ टक्के आणि स्फटिकाच्या रचनेत बांधलेलं पाणी १३ टक्के. या खनिजाचे पातळ थर गुंडाळीसारखे वळतात आणि २० ते ४० नॅनोमीटर जाडीच्या नळ्या होतात. घातक असतात त्या या गुंडाळ्या. ५ मायक्रॉनपेक्षा लांब, ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि रुंदीच्या तिप्पट किंवा जास्त लांबी असलेला तंतू फुप्फुसात खोल जातो, शरीराला तो विरघळवता येत नाही, आणि कॅन्सर दिसायला दशकं लागतात.

६०० ते ७५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे बांधलेलं पाणी बाहेर पडतं आणि रचना कोसळते. ८०० अंशांच्या वर फॉर्स्टेराइट नावाचं नवं, निर्जल खनिज तयार होऊ लागतं. क्रायसोटाइल मेला. पण इथे एक सापळा आहे, ज्यात अनेक उष्णता-प्रकल्प अडकतात. खनिज बदललं तरी बाहेरचा आकार जुनाच राहू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू तसाच दिसतो, आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाने मोजणारा त्याला ॲस्बेस्टॉसच म्हणतो. म्हणून फक्त भाजण्याच्या प्रक्रियेत प्रत्येक खेप एक्स-रे डिफ्रॅक्शनने (स्फटिकाची रचना ओळखणारी चाचणी) आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासावी लागते. शिवाय पिशवीच्या गाभ्यात उष्णता पोहोचली का, हा प्रश्न राहतोच. ग्लासवूल किंवा लॅगिंग हे मुळात उष्णतारोधक आहे. बाहेर १,००० अंश असताना मधला गोळा थंड राहू शकतो.

वितळवलं की ही शंकाच संपते. रस झालेल्या पदार्थात तंतू असू शकत नाही, कारण रस वाहतो आणि त्याला आधीचा आकार आठवत नाही. जपाननेही २००६ नंतर निर्विषीकरणाच्या मान्यतेचा मार्ग काढला. तिथे वितळवण्यासाठी १,५०० अंशांचा उंबरठा धरला जातो.

पिशवी फोडायची नाही

कारखान्यात पोहोचण्याआधीचं काम इमारतीत होतं, आणि भट्टीचं निम्मं यश तिथेच ठरतं. माल ओला करून काढतात. पाणी तंतूंवर नुसतं सांडून जातं म्हणून त्यात ओलेपणा वाढवणारं द्रव्य घालतात. मग तो दोन थरांच्या जाड प्लॅस्टिक पिशव्यांत भरतात, आत ओलसर ठेवूनच. पिशवीवर चिठ्ठी, सोबत माल ज्याच्या ज्याच्या हातातून जातो त्या प्रत्येकाने सही केलेला मागोवा-फॉर्म. फ्रान्समध्ये याला ॲस्बेस्टॉस कचऱ्याचं पाठपुरावा-पत्रक म्हणतात. इमारतीचा मालक, काम करणारा ठेकेदार, वाहतूकदार आणि शेवटची भट्टी, चारही दुवे त्यात असतात.

कारखान्यात पिशवी फोडून हाताने निवडायचं नाही, हा नियम. ती जशीच्या तशी बंद, ऋणदाबाखाली ठेवलेल्या खोलीत जाते. आतली हवा सतत बाहेर खेचली जाते आणि उच्च कार्यक्षमतेच्या फिल्टरमधून सोडली जाते, म्हणजे दरवाजा उघडला तरी हवा आत वाहते, बाहेर नाही. इथेच श्रेडरने तुकडे केले जातात. भट्टीच्या तोंडात बसतील एवढे लहान आणि ताशी एकसारखे. श्रेडर हा सगळ्या साखळीतला सर्वात जास्त धूळ करणारा भाग आहे, म्हणून त्याच्या बेअरिंग्जची दुरुस्ती करणारा माणूस भट्टीवाल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. तिथे हवा पुरवणारा मास्क, डिस्पोजेबल पोशाख आणि तीन टप्प्यांचं स्नान लागतं.

हवेतल्या तंतूंचं मोजमाप फ्रान्समध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने करायचं असतं. कामगाराच्या श्वासातली मर्यादा जुलै २०१५ पासून लिटरमागे १० तंतू आहे. पूर्वीच्या १०० वरून ती उतरली. दहापट कडक मर्यादा म्हणजे मोजण्याच्या पद्धतीसकट सगळं बदलणं, कारण प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला सर्वात बारीक तंतू दिसतच नाहीत.

भट्टीची पाककृती

लोक समजतात की पुरेसं तापवलं की सगळं वितळतं. तसं होत नाही. भट्टीत काय आणि कशासोबत पडतं यावर सगळं अवलंबून आहे, आणि हा भाग नीट समजला तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

निव्वळ क्रायसोटाइल घेऊ. पाणी गेलं की उरतं साधारण अर्धं मॅग्नेशियम ऑक्साइड, अर्धी सिलिका. यातून होणारं फॉर्स्टेराइट १,८९० अंशांना वितळतं. इतक्या उष्णतेला बहुतेक विटा टिकत नाहीत. म्हणजे सुट्या, शुद्ध तंतूचा कचरा एकटा टाकला तर तो बऱ्याच वेळ घट्ट, चिकट राहतो आणि बाहेर पडत नाही.

आता निव्वळ सिमेंटचा पत्रा घेऊ. त्यात साधारण १० टक्के तंतू आणि बाकी कडक झालेलं सिमेंट. आपण हिशोब करून पाहू. १०० किलो पत्रा तापवला की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड जाऊन साधारण ७८-७९ किलो उरतं. त्यात चुना (कॅल्शियम ऑक्साइड) अंदाजे ४५ किलो, सिलिका १९ किलो, मॅग्नेशियम ऑक्साइड ६ किलो, बाकी ॲल्युमिना आणि लोह. चुना आणि सिलिकेचं गुणोत्तर २.३ च्या वर. हे खूप जास्त आहे. एक तर वितळण्याचं तापमान चढतं. दुसरं, जमल्यावर डायकॅल्शियम सिलिकेट होतं, आणि हे खनिज थंड होताना सुमारे ५०० अंशांच्या खाली रूप बदलतं. रूप बदलताना आकारमान दहा-बारा टक्के फुगतं. परिणामी दगड आपोआप भुगा होतो. तंतू मेलेला असूनही हातात दगडाऐवजी पांढरट पूड येते, जी वाऱ्याने उडते आणि कोणी विकत घेत नाही.

औषध म्हणजे सिलिका. चुना आणि सिलिका साधारण सारखे आले की वोलास्टोनाइटच्या घराण्यातली खनिजं होतात, ती फुगत नाहीत आणि कमी तापमानाला वितळतात. वरच्या १०० किलो पत्र्याला सुमारे २६ किलो वाळू घातली तर चुना ४५, सिलिका ४५ होते. वाळूऐवजी टाकाऊ बाटल्यांची काच वापरली तर तिच्यात ७२ टक्केच सिलिका आणि ९ टक्के चुना असल्याने साधारण ४० किलो लागते. पण काचेतला सोडा वितळण्याला मदतही करतो. भारतातल्या पत्र्यांत बरेचदा राख मिसळलेली असते. राखेत सिलिका असते, त्यामुळे तिथे वाळू कमी लागेल, आणि म्हणूनच कुणाची पाककृती कुणी आंधळेपणाने उचलू नये. आधी रासायनिक विश्लेषण, मग वजनाचा काटा.

इथे मोर्सेन्सच्या व्यवस्थेचा एक सुंदर पैलू आहे. सुटा कचरा मॅग्नेशियमने श्रीमंत, पत्र्यांचा कचरा चुन्याने श्रीमंत. दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र आले की एकमेकांचे वितळणबिंदू खाली आणतात. एकाचा कचरा दुसऱ्याचा फ्लक्स होतो. कोफालिटच्या विश्लेषणात चुना आणि सिलिका जवळपास सारखे (दोन्ही ४० टक्क्यांच्या खाली), त्यानंतर मॅग्नेशियम, ॲल्युमिना आणि लोह दिसतात.

टॉर्च, विटा आणि रस

प्लाझ्मा टॉर्च म्हणजे पाण्याने थंड ठेवलेली दोन तांब्याची नळकांडी, त्यांच्यामध्ये विजेची कमान, आणि तिच्यातून जोराने सोडलेली हवा. टॉर्चच्या तोंडाशी वायूचं तापमान काही हजार अंश असतं, पण रसाचं तापमान १,४०० ते १,६०० अंशांच्या पट्ट्यात ठेवायचं असतं. टॉर्चचा फायदा असा की उष्णतेसाठी इंधनाच्या धुराचा प्रचंड घनफळ येत नाही, त्यामुळे वायू-स्वच्छता यंत्रणा लहान राहते. तोटा असा की हवा इतकी तापली की तिच्यातला नायट्रोजन जळतो आणि नायट्रोजन ऑक्साइड होतात, ज्यांची वेगळी व्यवस्था करावी लागते.

विजेचा हिशोब. एक टन मिश्रण १,५०० अंशांना नेण्यासाठी साधारण दीड गिगाज्यूल, वितळण्यासाठी आणखी चार-पाच दशांश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड हाकलायला थोडं. मिळून अंदाजे २.३ गिगाज्यूल, म्हणजे ६४० किलोवॉट-तास. विटांतून, वायूंतून आणि टॉर्चच्या थंड पाण्यातून जाणारी उष्णता धरली की प्रत्यक्षात दीड ते दोनपट लागते, म्हणजे टनाला हजार युनिटच्या वर. वर्षाला ८,००० टन आणि ७,००० तास भट्टी चालली तर ताशी सुमारे १.१५ टन, म्हणजे दीड मेगावॉटच्या आसपासची अखंड वीज.

आता बिघाडांकडे येऊ, कारण अनुभव तिथेच आहे.

तांब्याच्या नळकांड्यांचं आयुष्य काही शे तासांचं. कमान एकाच जागी बसली की तांबं छेदलं जातं आणि थंड करणारं पाणी भट्टीत गळतं. १,५०० अंशांच्या रसावर पाणी पडलं तर वाफेचा स्फोट होतो. म्हणून पाण्याच्या येण्या-जाण्याच्या प्रवाहातला फरक सतत मोजतात, आणि फरक दिसताच टॉर्च आपोआप मागे ओढली जाते.

कचऱ्यातलं लोखंड ही दुसरी बाब. लॅगिंगसोबत तारा, पट्ट्या, पाइपाचे तुकडे येतात. ते वितळून रसाच्या तळाशी जमतात, कारण लोखंडाची घनता रसाच्या दुपटीहून जास्त. हे लोखंड खालच्या तोंडातून वेगळं काढलं की भंगारात विकता येतं. पण काढायला उशीर झाला आणि ते तळाच्या विटांच्या फटींत शिरलं तर बुडच उकरून निघतं.

तिसरी बाब पिशवीतलं प्लॅस्टिक आणि फरशीचं व्हिनाइल. त्यातून क्लोरीन, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू. प्लास्टरमधलं जिप्सम १,२०० अंशांच्या वर फुटून सल्फर डायऑक्साइड देतं. एकाच वेळी दहा पिशव्या प्लॅस्टिक आलं तर ते भडकतं, भट्टीतला दाब क्षणभर वर जातो आणि ऋणदाब संपतो. तेव्हा तंतू मागच्या दाराने बाहेर पडायची शक्यता असते. म्हणून खुराक एकसारखा ठेवतात, आणि मागे ऑक्सिजन देऊन उरलेले वायू जाळायला दुसरा ज्वलनकक्ष, मग चुना फवारणी, मग बॅग फिल्टर. बॅग फिल्टरमध्ये जमणारी राख स्वतःच धोकादायक आहे. तिच्यात क्लोराइड आणि उडून आलेली शिसं-जस्तासारखी धातू असतात. या राखेचा एक भाग परत भट्टीत जाऊ शकतो, सगळा नाही. कारण क्लोराइड पुन्हा पुन्हा फिरत वाढत जातात. म्हणून थोडा भाग बाहेर काढून लँडफिलला पाठवावाच लागतो. "शून्य कचरा" म्हणणाऱ्यांनी हा प्रवाह लपवू नये.

आणि सर्वात महागडी गोष्ट, विटा. वितळलेला चुना-मॅग्नेशियम-सिलिकेट रस ज्या खनिजांनी विटा बनलेल्या असतात त्याच खनिजांचा चुलत भाऊ आहे, म्हणून तो त्यांना सावकाश विरघळवतो. झीज सर्वात जास्त रसाच्या पृष्ठभागाच्या रेषेवर होते, जिथे वायू, रस आणि वीट भेटतात. टॉर्चचा झोत रस ढवळतो आणि झीज वाढवतो. खुराकात चुना एकदम वाढला की काही दिवसांत मिलिमीटरमध्ये नव्हे, सेंटिमीटरमध्ये वीट जाते. दुरुस्तीसाठी भट्टी थंड करावी लागते, पण थंड करणं-तापवणं यातच उरलेल्या विटा तडकतात. तापवताना तासाला ठरावीक अंशांचा वेग पाळायचा, घाई केली तर नव्या विटाही जातात. म्हणून विटांचं अस्तर बदलणं हा या उद्योगातला नियोजित, अटळ थांबा आहे.

आणि भट्टी थांबली तरी देशभरातला कचरा येणं थांबत नाही. इमारतींतून ॲस्बेस्टॉस काढण्याचं काम थांबवता येत नाही आणि करार झालेले असतात. आवारातला साठा वाढतो. परवान्यातली साठ्याची कमाल मर्यादा भरते. मग भट्टी चालू झाल्यावर जुना साठा, नवा माल आणि चालवण्याचा दबाव एकदम येतो. मोर्सेन्सचा आर्थिक इतिहास याच चक्राचा आहे. वारंवार थांबे, साठा, भांडवल. २०१९ च्या आरंभी युरोप्लाझ्मा न्यायालयीन पुनर्रचनेत गेली आणि त्याच वर्षी नवा गुंतवणूकदार आला.

दगड कशाला लागतो

साच्यात ओतलेला रस कसा थंड होतो यावर त्याचं मोल ठरतं. पाण्यात टाकून झटक्यात थंड केला तर काच होते, ठिसूळ दाणे. सावकाश थंड केला तर स्फटिक वाढतात आणि सिरॅमिकसारखा मजबूत दगड होतो. रस्त्याच्या खालच्या थरासाठी फोडलेला कोफालिट पुरेसा आहे. घनता ३.१ च्या आसपास, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टपेक्षा थोडा जड.

इतकी मेहनत करून रस्त्याची खडी करणं वाया गेल्यासारखं वाटतं, आणि खरोखर तसंच आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या प्रोमेस या प्रयोगशाळेने दुसरा उपयोग पुढे आणला. सौरऊर्जा केंद्रात उष्णता साठवण्यासाठी हा दगड. त्याचं शास्त्र सरळ आहे. सौर केंद्रातलं वितळलेलं मीठ ५६५ अंशांच्या आसपास विघटित होऊ लागतं. हा दगड मात्र १,००० अंशांच्या वरही स्थिर राहतो, कारण तो त्याहून जास्त तापमानाला जन्मलेला आहे. विशिष्ट उष्णता किलोला सुमारे ०.९ किलोज्यूल धरून एक घनमीटर, म्हणजे ३,१०० किलो दगड, ३०० अंशांनी तापवला की सुमारे ८४० मेगाज्यूल साठतात, म्हणजे २३० युनिटच्या वर उष्णता. दगडाची किंमत टनाला दहा युरोच्या आसपास सांगितली जाते. मीठ त्याच्या कितीतरी पट महाग आहे. अडचण मात्र ही की दगडांच्या थरातून हवा फिरवण्यासाठी त्याचा आकार, आतले सूक्ष्म तडे आणि रोजच्या तापण्या-थंडावण्याला पुरून उरणं, हे सगळं साच्यात ओततानाच ठरवावं लागतं. खडी म्हणून फोडलेल्या दगडावर नंतर काही करता येत नाही.

टनाला दहा युरो म्हणजे टनाला खर्च होणाऱ्या हजार युनिट विजेच्या तुलनेत काहीच नाही. दगड विकून हा कारखाना चालू शकत नाही. त्याचं उत्पन्न म्हणजे कचरा स्वीकारायची फी, आणि ती फी लँडफिलच्या फीपेक्षा कित्येक पट जास्त. जागेचा हिशोब वेगळाच आहे. पिशवीतला एक टन सुटा कचरा ३ घनमीटर जागा घेतो. वितळल्यावर उरलेला सुमारे ०.८ टन दगड पाव घनमीटर. शिवाय जबाबदारी संपते. पुरलेल्या पिशव्यांची जबाबदारी पुढच्या पिढ्यांकडे जाते. या फरकाला पैशात मोजणारा कोणताही नियम नाही, म्हणून ठेकेदार स्वस्त खड्डा निवडतो, आणि वितळवणाऱ्याला पुरेसा आणि एकसारखा माल मिळत नाही.

आपल्याकडच्या पत्र्यांना हे कसं लागू पडतं

फ्रान्सचं ॲस्बेस्टॉस आणि आपला किनारा यांची एकदा थेट गाठ पडली होती. विमानवाहू जहाज क्लेमांसो तोडण्यासाठी ३१ डिसेंबर २००५ ला तुलोंहून गुजरातमधल्या अलंगकडे निघालं. ॲस्बेस्टॉसच्या वादात फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने ही सफर रोखली, राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जहाज परत बोलावलं, आणि ते शेवटी इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तुटलं. कचऱ्याला देश असतो, हे त्या वेळी दिसलं.

भारतात नव्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी बंद आहेत, पण आयात केलेल्या क्रायसोटाइलपासून पत्रे अजून बनतात. महाराष्ट्रात एमआयडीसीतल्या शेडपासून गावातल्या गोठ्यापर्यंत सिमेंटचे पत्रे आहेत. सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला १३-१४ किलो. तीन मीटर लांबीचा एक पत्रा चाळीस किलोच्या वर, आणि त्यात चार किलोच्या आसपास तंतू. एका ५०० चौरस मीटरच्या शेडमधून सात टन कचरा निघतो. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत ॲस्बेस्टॉसचा कचरा यादीत आहे आणि तो फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसह (वाहतुकीचं मागोवा-पत्रक) अधिकृत केंद्रात जायला हवा. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी सामायिक केंद्रं आहेत.

पत्रा उतरवणाऱ्यासाठी भट्टीवरून उलट येणारे काही साधे नियम आहेत. करवत किंवा ग्राइंडर लावू नये. जे-हुकचा नट गंजला असेल तर तो ओला करून बोल्ट-कटरने कापावा, पण पत्रा फोडून हुक काढू नये. पत्रा ओला ठेवून अखंड खाली उतरवावा, वरून टाकू नये. फुटलेले तुकडे दोन थरांच्या २०० मायक्रॉन पॉलिथीनमध्ये बांधावेत. झाडूने झाडू नये, ओल्या कापडाने पुसावं आणि ते कापडही त्याच पिशवीत टाकावं. आणि पिशवीवर लिहावं : सिमेंटचा पत्रा, बॉयलरचं लॅगिंग की दोरी. पिशवीत कधीही पत्रे आणि सुटा माल यांची भेसळ करू नये, व्हिनाइल फरशी किंवा जिप्सम प्लास्टरची तर नाहीच. पत्र्यांच्या गठ्ठ्यावर कारखान्याचं नाव आणि साल दिसत असेल तर तेही नोंदवावं, कारण राखेचं प्रमाण कंपनी आणि काळाप्रमाणे बदलतं. उद्या इथे कुणी भट्टी पेटवली तर खुराकात किती वाळू घालायची, हे त्या चिठ्ठीवरूनच ठरेल.